हार्ड टेक्नोसाठी ड्रम मशीन निवडताना

गेल्या वर्षी चवथीच्या सुट्टीत आमच्या शाळेचे चार माजी विद्यार्थी संगीत कक्षात आले. तीन मुलगे आणि एक मुलगी. चौघेही आता महाविद्यालयात शिकतात. घुमट आरतीसाठी कक्षातले घुमट आणि शामेळ मागायला आले असतील असे आम्हांला वाटले. पण त्यांनी वहीतून फाडलेला एक कागद पुढे केला. त्यावर पाच यंत्रांची नावे होती आणि खाली रेघ मारून लिहिले होते, ‘जमा रक्कम ३६,००० रुपये’.

“सर, हार्ड टेक्नो करायचं आहे. यातलं कुठलं ड्रम मशीन घ्यावं?”

आम्ही दोघे, म्हणजे एक संगीत शिकवणारे आणि दुसरे विज्ञान प्रयोगशाळा सांभाळणारे, एकमेकांकडे पाहत राहिलो. कारण हा प्रश्न आम्हांला दुसऱ्यांदा विचारला जात होता. हीच मुले शाळेत असताना त्यांनी आमच्या सल्ल्याने जपानहून आलेले एक जुने यंत्र अकरा हजारांना घेतले होते. त्याच्या वायरीला चपट्या दोन पिना होत्या. आम्ही बाजारातून प्लगचा आकार बदलणारे कन्व्हर्टर आणले, वायर भिंतीत खोचली आणि दहाव्या सेकंदाला यंत्रातून धूर आला. जपानमध्ये घरगुती वीज १०० व्होल्टची असते, आपल्याकडे २३० व्होल्टची. कन्व्हर्टरने पिनांचा आकार बदलला होता, व्होल्ट नाही. यंत्राच्या मागे ते स्पष्ट छापलेले होते. चूक पूर्णपणे आमची होती आणि पैसे मुलांचे गेले.

म्हणून या वेळी आम्ही लगेच उत्तर दिले नाही. दोन महिने मागून घेतले, जमेल तेवढे वाचले, ऐकले, आणि ओळखीच्यांकडे असलेली काही यंत्रे हाताळून पाहिली. त्यातून जे कळले ते इथे मांडत आहोत. हे संगीत आवडते की नाही, हा प्रश्न बाजूला ठेवून पालकांनीही वाचावे. घरात असे यंत्र येणार असेल तर त्याची माहिती असलेली बरी.

हे संगीत आले कुठून

टेक्नोचा जन्म अमेरिकेतील डेट्रॉईट या मोटारींच्या शहरात १९८०च्या दशकात झाला. हुआन ॲटकिन्स, डेरिक मे आणि केविन साँडरसन हे तिघे डेट्रॉईटजवळच्या बेलव्हिल या गावातले शाळासोबती. त्यांच्या हाती जी वाद्ये आली ती बरीचशी सेकंडहँड होती, आणि त्यांतली दोन जपानच्या रोलँड कंपनीची ड्रम मशीन होती: १९८० साली आलेले टीआर-८०८ आणि १९८३ साली आलेले टीआर-९०९. रोलँडचे संस्थापक इकुतारो काकेहाशी तरुणपणी घड्याळे दुरुस्त करत असत, हे वाचून आम्हांला मोठे नवल वाटले. लयीचे यंत्र बनवणाऱ्याची सुरुवात घड्याळापासून झाली होती!

ही दोन्ही यंत्रे बाजारात फारशी चालली नाहीत. ८०८ची सुमारे बारा हजार आणि ९०९ची सुमारे दहा हजार नगे बनली आणि उत्पादन थांबले. त्याच काळात अमेरिकेच्या रॉजर लिन यांचे एलएम-१ हे यंत्र खऱ्या ड्रमचे ध्वनिमुद्रित आवाज वाजवत असे. त्याची किंमत पाच हजार डॉलरच्या घरात होती, पण ज्यांना परवडत होते त्यांना तसेच ‘खरे’ आवाज हवे होते. रोलँडचे आवाज कृत्रिम वाटत. म्हणूनच ती यंत्रे जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागली आणि डेट्रॉईट-शिकागोच्या पोरांच्या हाती पडली. आज मूळ ९०९ला काही लाख रुपये मोजावे लागतात.

(एक आठवण इथेच सांगून टाकतो. १९८२ साली मुंबईत चरणजित सिंग या वादकांनी ८०८ आणि रोलँडचीच आणखी दोन यंत्रे घेऊन दहा रागांची एक तबकडी केली होती. ती तेव्हा कोणी फारशी ऐकली नाही. २०१० साली ती परदेशात पुन्हा निघाली तेव्हा जगभरचे लोक चकित झाले.)

टेक्नोने बर्लिनमध्ये मूळ धरले ते तिथली भिंत पडल्यावर. १९९१ साली बर्लिनमध्ये एका जुन्या डिपार्टमेंट स्टोअरच्या तळघरातील तिजोरीत ‘ट्रेझर’ हा क्लब सुरू झाला. तिथे आणि आसपास हे संगीत वेगवान व कठोर होत गेले. फ्रँकफर्टचे मार्क अकार्डिपेन, हॉलंडमधील रॉटरडॅमची ‘गॅबर’ मंडळी, इंग्लंडमधील बर्मिंगहॅमचे सर्जन आणि रेजिस, नंतर फ्रँकफर्टकडची ‘श्रांझ’ नावाची धाटणी, अशा अनेक ओढ्यांचे पाणी हार्ड टेक्नोत आले आहे. २०२०नंतर त्याला पुन्हा मोठी भरती आली. २०२४ साली जर्मनीने बर्लिनच्या टेक्नो संस्कृतीची नोंद आपल्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या राष्ट्रीय यादीत केली. आपल्याकडे हणजूण-वागातोरला जे वाढले ते ट्रान्स, त्याची कुळी जवळची असली तरी चाल निराळी. त्यात गुंफण जास्त. हार्ड टेक्नोत जवळजवळ सगळा भार ठोक्यावर.

खाली नसलेला ताल

ड्रम मशीनवर बहुधा सोळा बटणे एका ओळीत असतात. ८०८वर ती तांबडी, नारिंगी, पिवळी आणि पांढरी अशी चार-चारांच्या गटांत रंगवलेली आहेत. तबला शिकलेल्या विद्यार्थ्यांना हे लगेच ओळखीचे वाटेल: सोळा मात्रा, चार विभाग. टेक्नोचा मुख्य ठोका, ज्याला किक म्हणतात, तो १, ५, ९ आणि १३ या बटणांवर टाकतात. म्हणजे तीनतालात जिथे सम, दुसरी टाळी, खाली आणि तिसरी टाळी येतात, नेमक्या त्याच जागा.

फरक नवव्या मात्रेवर आहे. आपल्याकडे तिथे खाली. डग्ग्याचा घुमारा काढून घ्यायची वेळ आली हे तिथे कळते आणि त्यामुळे समेची ओढ लागते. टेक्नोत खाली नाही. चारही ठोके सारखेच, तेवढ्याच जोराचे. हार्ड टेक्नोची गती मिनिटाला साधारण १४५ ते १६० ठोके, कधी त्याहून जास्त. १५० धरली तर सहा मिनिटांच्या रचनेत ऐकणाऱ्याच्या कानावर तोच ठोका सुमारे नऊशे वेळा पडतो.

आमचा सगळा सल्ला या एका गोष्टीवर उभा आहे. जो आवाज नऊशे वेळा ऐकायचा, तो आवाज नेमका हवा तसा घडवता आला पाहिजे. यंत्रात किती आवाज आहेत, किती ताल साठवता येतात, पडदा केवढा आहे, हे सगळे नंतरचे.

ठोका घडतो कसा

९०९च्या किकमध्ये कुठल्याही ढोलाचे ध्वनिमुद्रण नाही. आत एक मंडल आहे, ते खर्जातला एक सूर काढते. हा सूर सुरू होताना बराच वर असतो आणि सेकंदाच्या काही शतांश भागात झपकन खाली उतरतो, साधारण पन्नास हर्ट्झच्या आसपास येऊन विझतो. सुरुवातीला एक बारीक ‘टक्’ जोडलेली असते.

घुमट वाजवणाऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. उजवा हात चामड्यावर पडतो आणि डावा हात मडक्याच्या उघड्या तोंडावर असतो. ते तोंड झाकत-उघडत आतल्या हवेचा सूर वर-खाली करता येतो. यंत्रात ते काम एक नॉब करतो, एवढेच. बोट पडल्याचा आवाज म्हणजे ‘टक्’, आणि मडक्यातून येणारा घुमार म्हणजे तो उतरणारा सूर.

९०९च्या किकला चारच नॉब आहेत: आवाजाची पातळी, सूर उतरण्याची लांबी, सुरुवातीच्या ‘टक्’चा जोर आणि ठोका किती वेळ टिकावा ते. या चारांत पुष्कळ काही आहे. १५०च्या गतीला दोन ठोक्यांमध्ये ४०० मिलिसेकंदांचे अंतर असते. एका बटणाला १०० मिलिसेकंद. ठोका फार लांबवला तर तो पुढच्या ठोक्याच्या अंगावर जातो आणि सगळा चिखल होतो. फार आखूड केला तर पोकळ, टेबलावर बोट मारल्यासारखा लागतो. ८०८ची किक स्वभावतः लांब, गोल आणि मऊ असते. ती हिप-हॉपमध्ये फार शोभते. कठोर टेक्नोला मात्र ९०९ची चावणारी सुरुवात लागते. मुलांच्या कागदावरच्या पाचांपैकी दोन यंत्रे एवढ्या एका मुद्द्यावर गळली.

आता ‘हार्ड’ कुठून येते ते पाहू. ते बहुतांशी ड्रम मशीनमध्ये नसतेच. ते आवाज फाटण्यात असते.

स्नेहसंमेलनात माइकचा आवाज फार वाढवला की स्पीकर ‘फाटतो’, हे सर्वांनी ऐकले आहे. विद्युत मंडलाला पेलवेल त्यापेक्षा मोठी लहर त्यात लोटली, की लहरीची वरची व खालची टोके छाटली जातात. गोल टेकडीचे सपाट पठार होते. दहावी झालेल्या विद्यार्थ्यांना पुढचा भाग समजेल. पन्नास हर्ट्झच्या शुद्ध लहरीची टोके दोन्ही बाजूंनी सारखी छाटली, तर तिच्यात १५०, २५०, ३५० हर्ट्झ असे विषम पटीचे नवे स्वर उत्पन्न होतात. लहान स्पीकरला पन्नास हर्ट्झ वाजवता येत नाही, पण हे वरचे स्वर वाजवता येतात. म्हणून फाटलेली किक छोट्या स्पीकरवरही ‘दिसते’. शिवाय टोके छाटल्यामुळे ठोक्याची सुरुवात आणि शेपूट यांच्या पातळीतले अंतर कमी होते. मग शेपूटही सुरुवातीइतक्याच जोराने अंगावर येते. रॉटरडॅमच्या मंडळींनी १९९०च्या सुमारास साध्या मिक्सरमध्ये ९०९ची किक अशीच कोंबून कोंबून फाडली.

आणखी एक युक्ती आहे. किकचा एक फाटा रिव्हर्बमध्ये, म्हणजे मोठ्या सभागृहाची घुमक देणाऱ्या यंत्रात, पाठवायचा आणि त्या घुमकेतला वरचा भाग फिल्टरने कापून टाकायचा. मग दोन ठोक्यांच्या मधल्या जागेत एक गडगड ऐकू येते, दूर कुठेतरी मालगाडी जात असल्यासारखी. आजच्या हार्ड टेक्नोत ती फार चालते.

या दोन्ही युक्त्यांसाठी किक एकटी बाहेर काढता आली पाहिजे. ड्रम मशीनमधून सगळे आवाज एकाच वायरीने बाहेर येत असतील आणि ती वायर फाडली, तर झांजा किकच्या पोटात दडपल्या जातात. प्रत्येक ठोक्याला झांज गुदमरते. काहींना हा परिणाम आवडतो, पण तो तुम्ही ठरवून केलेला असावा, यंत्राने लादलेला नको.

दुकानात काय पाहावे

त्यामुळे पहिली गोष्ट, यंत्र उलटे करा आणि मागची भोके मोजा. किकला स्वतंत्र आउटपुट आहे का? नसेल, तर यंत्राच्या आतच फक्त किक फाडण्याची सोय आहे का? दोन्ही नसेल तर ते यंत्र कितीही देखणे असले तरी या कामाचे नाही.

दुसरी गोष्ट, किकचा सूर, लांबी आणि सुरुवात यांसाठी वेगळे नॉब वरच आहेत का? हे संगीत वाजत असताना हळूहळू बदलायचे असते. डेट्रॉईटचे जेफ मिल्स ९०९ समोर ठेवून ते वाद्यासारखे वाजवतात. त्यांचे हात पाहिले तर तबलजी आठवतो. तेच काम तीन मेनूंत शिरून करावे लागले तर ठोका निघून गेलेला असतो.

तिसरी गोष्ट फार जण विसरतात. यंत्र दुसऱ्या यंत्राबरोबर लयीत चालले पाहिजे. त्यासाठी मिडी नावाची जोडणी असते. ती १९८३ साली आली आणि आजही चालते. ९०९ हे रोलँडचे मिडी असलेले पहिले ड्रम मशीन. नवीन यंत्रांत हेच काम यूएसबीनेही होते.

आणि वीज. अडॅप्टरचे व्होल्ट पाहा, अँपिअर पाहा, आणि गोल पिनेच्या मध्यभागी धन आहे की ऋण ते पाहा. सगळ्यांचे सारखे नसते. रोलँड-बॉसच्या ९ व्होल्टच्या अनेक उपकरणांत मध्य ऋण असतो, कॉर्गच्या व्होल्का मालिकेत मध्य धन. जपानहून आलेले जुने यंत्र असेल तर १०० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर घेतल्याशिवाय त्याला हातही लावू नका. हे आम्ही कोणत्या अधिकाराने सांगतो ते वर आलेच आहे.

कोणती यंत्रे

रोलँडचे टीआर-८एस (२०१८) सर्वांत सोयीचे वाटले. ते जुन्या मंडलांची अंकीय नक्कल करते, शिवाय ध्वनिमुद्रित आवाजही घेते. प्रत्येक आवाजाला स्वतःची पट्टी, स्वतःचे नॉब आणि स्वतःचा परिणाम लावता येतो. म्हणजे किक आतच फाडता येते आणि स्वतंत्र आउटपुटही आहेत. किंमत मात्र मुलांच्या जमेच्या बाहेर. त्याच कंपनीचे लहानसे टीआर-०९ हे ९०९चे खिशातले रूप आहे. आवाज उत्तम, पण नॉब इतके बारीक की आमच्यासारख्यांना चष्मा शोधावा लागतो, आणि आवाज वेगवेगळे हवे असतील तर ते यूएसबीने संगणकात घ्यावे लागतात. २०२५ साली रोलँडने टीआर-१००० आणले. त्यात कितीतरी वर्षांनी पुन्हा खरी ॲनालॉग मंडले आहेत. ते अडीच लाखांच्या घरातले प्रकरण आहे. त्याचे चित्र पाहून आम्ही पान उलटले.

बेहरिंगर कंपनीचे आरडी-९ (२०२१) ही ९०९ची स्वस्त प्रतिकृती. किक ॲनालॉग, झांजा मूळ यंत्राप्रमाणेच ध्वनिमुद्रित, आणि आवाजांना स्वतंत्र आउटपुट. दुसऱ्याच्या जुन्या रचनेची अशी नक्कल करावी का, यावर जगभर वाद आहे, आणि आम्हां दोघांतही एकमत झाले नाही. एक म्हणतात, ज्याने शोध लावला त्याचा मान राहिला पाहिजे. दुसरे म्हणतात, चाळीस वर्षांपूर्वी बंद झालेले यंत्र लाखांना विकले जात असेल तर पोरांनी करायचे काय?

फ्रान्सच्या आर्टुरिया कंपनीचे ड्रमब्रूट इम्पॅक्ट (२०१८) हे पूर्ण ॲनालॉग यंत्र. त्यात फाडण्याची सोय अंगचीच आहे आणि किकला वेगळे आउटपुटही आहे. त्याची किक ९०९सारखी नाही, थोडी ओबडधोबड, पण नॉब मोठे आणि हाताळायला मजा येते. चौघांतल्या मुलीचे मत शेवटपर्यंत याच्याच बाजूने होते.

स्वीडनच्या इलेक्ट्रॉनचे ॲनालॉग रिटम हे ॲनालॉग आवाज आणि ध्वनिमुद्रित आवाज एकत्र करते, शेवटी सगळ्यावर फाडणारे मंडलही आहे. सोळांपैकी प्रत्येक बटणावर नॉबची वेगळी जागा ठरवून ठेवता येते, म्हणजे चार किक चार तऱ्हेच्या करता येतात. यंत्र खोल आहे, शिकायला महिने लागतात. लॅटव्हियातील रिगा शहरात एरिका सिंथ्स ही कंपनी आहे, तिचे पेर्कन्स एचडी-०१ (२०२२) तर जणू याच संगीतासाठी बनवले आहे. चारच आवाज, पण प्रत्येकाला आपला फिल्टर आणि आपले फाडणे. बर्लिनच्या जोमॉक्सची यंत्रे किकसाठी नावाजलेली आहेत, आणि त्यांनी केवळ किक काढणारी एक छोटी पेटीही बनवली होती. जर्मनीचेच व्हर्मोना डीआरएम-१ दिसायला सुरेख, पण त्यात ताल साठवण्याची बटणे नाहीत, ते दुसऱ्या यंत्राने वाजवावे लागते. ज्याला हे ठाऊक नसते तो घरी नेऊन डोक्याला हात लावतो.

आणि अगदी कमी पैशांत? कॉर्गचे व्होल्का बीट्स (२०१३) हातात मावते, बॅटरीवर चालते. त्याला स्वतंत्र आउटपुट नाही आणि स्नेअरचा आवाज कागदी लागतो. पण त्यात नुसती किकच वाजवली आणि झांजा दुसरीकडून घेतल्या, तर एकच आउटपुट ही अडचण उरत नाही. कॉर्गचेच १९९९चे इलेक्ट्राइब ईआर-१ जुन्या बाजारात मिळाले तर सोडू नये, आधी व्होल्ट पाहून.

एक प्रामाणिक गोष्ट सांगायला हवी. ज्याच्या घरी बऱ्यापैकी संगणक आहे त्याला यातले जवळजवळ सगळे सॉफ्टवेअरवर करता येते, आणि ऐकणाऱ्याला फरक कळेलच असे नाही. आम्ही मुलांना आधी महिनाभर संगणकावरच्या ९०९वर काम करायला लावले. त्यात एकाचा उत्साह ओसरला. त्याचे नऊ हजार वाचले, हेही कमी नाही. उरलेल्या तिघांची तक्रार एकच होती. माउसने एका वेळी एकच नॉब फिरवता येतो. हात दोन आहेत, तर दोन नॉब हवेत. हे कारण आम्हांला पटले. यंत्र घ्यायचे ते यासाठी.

शेवटी काय झाले

तिघांचे मिळून सत्तावीस हजार राहिले. मतदान झाले, दोन विरुद्ध एक, आणि ९०९ची प्रतिकृती घ्यायचे ठरले. एका वादकाने वापरलेली, बिलासकट, चालू स्थितीत दाखवून दिलेली मिळाली. विजेचा दाब प्रयोगशाळेतल्या मीटरने मोजल्याशिवाय या वेळी कोणी खटका दाबला नाही.

फाडण्यासाठी वेगळे काही विकत घेतले नाही. शाळेत स्नेहसंमेलनाचा एक जुना मिक्सर पडून होता. किकची वायर त्याच्या एका चॅनेलला लावली, त्या चॅनेलचा वरचा गेन हळूहळू चढवत नेला आणि खालची पट्टी तितकीच उतरवली. ही दुसरी गोष्ट महत्त्वाची आहे. गेन चढवून पट्टी न उतरवल्यास फाटलेला आवाज पूर्ण जोराने स्पीकरवर जातो, आणि वरच्या स्वरांचा छोटा स्पीकर, ट्विटर, जळू शकतो. गेनच्या दोनतृतीयांशापर्यंत किक नुसती मोठी होत होती. त्यापुढे ती दाटली, काळवंडली, आणि मग एकदम त्या तबकड्यांवर ऐकतो तसा आवाज आला. तिघे हसू लागले. शेजारच्या वर्गातून बाई पाहायला आल्या, काय कोसळले म्हणून.

झांज ‘उलट्या’ जागी, म्हणजे ३, ७, ११ आणि १५ या बटणांवर टाकली. हाताच्या टाळीचा आवाज ५ आणि १३वर. बाकी सगळे रिकामे. त्या रिकामेपणातच किक ऐकू येते. पहिल्या दिवशी मुलांनी सोळाही बटणे भरून टाकली होती. मग एक-एक काढत गेल्यावर जे उरले ते चांगले लागले.

आता कानांबद्दल, आणि हे पालकांनी जरूर वाचावे. फाटलेल्या आवाजाचा धोका असा की तो सतत भरलेला असतो, त्यात विसावा नसतो, आणि कानाला त्याची लवकर सवय होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने प्रौढ माणसाने आठवड्याला ८० डेसिबलचा आवाज ४० तास ऐकणे सुरक्षित आहे. ९० डेसिबलला ही मर्यादा चार तासांवर येते आणि १०० डेसिबलला जेमतेम वीस मिनिटांवर. लहान मुलांसाठी मर्यादा याहून कमी आहे. २०२२ साली त्याच संघटनेने कार्यक्रमांच्या जागांसाठी सरासरी १०० डेसिबलची कमाल मर्यादा सुचवली. कार्यक्रमाला जाताना खिशात इअरप्लग ठेवण्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. पुष्कळ डीजे स्वतः ते घालतात. कार्यक्रमानंतर कानात शिट्टी वाजत राहिली तर दोन दिवस कानांना पूर्ण विश्रांती द्या. थांबली नाही तर डॉक्टरांकडे जा. गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही.

आपल्याकडे रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिवर्धक लावायला कायद्याने मनाई आहे, हे शेजाऱ्यांच्या वतीनेही लक्षात ठेवावे. खर्जातला आवाज भिंतींतून सहज जातो. स्वतःच्या खोलीत मंद वाटणारी किक शेजारच्या आजीच्या खाटेपर्यंत पोचते.

यंत्र सध्या दर शनिवारी शाळा सुटल्यावर संगीत कक्षात असते. आठवीपासून पुढच्या विद्यार्थ्यांना पालकांची चिठ्ठी आणून ते हाताळता येईल. हेडफोन आपापला आणावा. अडॅप्टरवर लाल शाईने यंत्राचे नाव लिहून चिकटवले आहे. तो काढून दुसऱ्या कशालाही लावू नये. जळालेले जपानी यंत्रही तिथेच कपाटात वरच्या फळीवर आहे. त्याचे झाकण उघडून आतले भाग पाहायचे असतील तर प्रयोगशाळेत सांगावे.